व्हिसा संपला की स्टेटस?

अमेरिकेत नव्याने आलेली मंडळी दर गणपतीत भेटली की विचारतात, "पासपोर्टवरचा व्हिसा संपतोय, परत जावं लागेल का?" नाही. तो कॉन्सुलेटने दिलेला कागद फक्त विमानतळावर प्रवेश मागण्यापुरता. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ या नोंदीवर ठरतं, आणि ती मुदत व नियम पाळलेत तर तुमचं स्टेटस, म्हणजे इथे कायदेशीर राहण्याचा दर्जा, शाबूत. स्टॅम्पिंग (पासपोर्टवरचा तो व्हिसा) संपलेली कितीतरी माणसं इथे निवांत नोकरी करतात.

कंपनी जे "व्हिसा एक्स्टेन्शन" करते म्हणतात, ते खरं स्टेटसचं असतं. मंजुरीच्या आय-७९७ कागदाच्या तळाशी नवं आय-९४ येतं; पासपोर्टवर काहीच बदलत नाही. म्हणून पुढच्या भारतवारीत पुन्हा स्टॅम्पिंग.

आता नीट वाचा. आय-७९७ वर तीन वर्षं असली आणि तुमचा पासपोर्ट आठ महिन्यांत संपत असला, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. तोंडाने सांगेलच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने पासपोर्ट वेळेत नवा केला, आय-७९७ फायलीत जपून ठेवला आणि आय-९४ बघितलंच नाही. नवा पासपोर्ट आला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही! आय-९४ संपून सात महिने उलटल्यावर वकिलाच्या लक्षात आलं. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला की तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष उलटलं तर दहा. इथली सरकारी माणसं गोड बोलतात, पण "माहीत नव्हतं" याला इथे फारशी किंमत नाही.

तेव्हा भारतातून आलात की बॅगा उघडण्याआधी सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या) संकेतस्थळावर आय-९४ बघा. नवरा, बायको, पोरं, प्रत्येकाचं वेगळं. फुकट मिळतं, पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. पासपोर्ट संपत आला असेल तर प्रवासाआधीच नवा करा. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काकांना विचारू नका. ते ग्रीन कार्ड घेऊन मोकळे झालेत, त्यांना जुने नियमही धड आठवत नाहीत.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस राहता येतं, किंवा आय-९४ आधी संपत असेल तर तिथपर्यंतच. व्हिसावर कितीही पुढची तारीख असो.

नायगाराला कॅनडाच्या बाजूने जायचंय? स्टॅम्पिंग संपलेलं असलं तरी आय-९४ चालू असेल आणि ३० दिवसांच्या आत परतणार असाल तर सहसा येता येतं. मात्र तिथे अमेरिकेच्या नव्या व्हिसाचा अर्ज केलात तर तो हाती येईपर्यंत तिकडेच.