कुत्र्याच्या अंगावर गाठ लागली? या चुका टाळा

आमच्या राणीच्या मागच्या सडाजवळ हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, "दुधाची गाठ असेल, जिरेल." खानापुरात पावसाची झड, भाताची लावणी चालू, कुत्रीला घेऊन बेळगावला जाणार कोण? दिवाळीपर्यंत गाठ लिंबाएवढी झाली. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला, तर फुफ्फुसापर्यंत पसरलेली.

म्हणून पहिली चूक तीच, वाट बघत बसण्याची. कुत्रीच्या सडांजवळच्या गाठींपैकी जवळपास निम्म्या कॅन्सरच्या निघतात. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर हा धोका फारच कमी होतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

"मऊ आहे, हलते, म्हणजे चरबीची" असा निकालही बोटांनी लावू नका. वयस्कर, जाड लॅब्राडोरला चरबीच्या निरुपद्रवी गाठी होतात हे खरं. पण मास्ट सेल नावाचा कातडीचा कॅन्सर हाताला अगदी तसाच लागू शकतो, आणि तो कधी फुगतो, कधी बसतो. बसला की आपण निर्धास्त होतो. अशी गाठ दाबली, चोळली तर त्यातून हिस्टामिन नावाचं सूज आणणारं रसायन सुटतं आणि भोवतीची जागा लाल होऊन सुजते. पिळून बघणं म्हणूनच नको.

गाठ वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण १ सेंमी झाली किंवा महिनाभर राहिली, की डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "सुईने नमुना घ्या." बारीक सुईने थोड्या पेशी काढून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेक वेळा भूल लागत नाही. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, तरी मागे हटू नका. तपासणीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र नको. काही कॅन्सर त्याने तात्पुरते झाकले जातात.

आपल्याकडचे घरगुती उपाय इथे घात करतात. हळद-चुन्याचा लेप, बिब्बा, दोन्हींनी कातडी भाजते आणि गाठ आहे तिथेच राहते. निपाणीकडे गोचिडांसाठी तंबाखूचं पाणी लावतात. कुत्रं ते चाटतं, आणि निकोटीन विषच आहे. माणसांची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनही देऊ नका.

गोचीड समजून चिमट्याने ओढण्याआधी नीट बघा. नर कुत्र्यालाही सड असतात.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या मागच्या अंगाला फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसली की लोक त्याला हाकलतात. फार वाईट वाटतं, कारण समागमातून पसरणारी ही गाठ बहुतेकदा आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाची काही इंजेक्शनं दिली की पूर्ण विरते.

जबड्याखाली दोन्ही बाजूंना, खांद्यापुढे किंवा मागच्या गुडघ्यामागे एकदम गाठी आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, असू शकतो, गोचीडतापही असू शकतो.

गाठीशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि ऑपरेशन झालंच, तर काढलेली गाठ टाकून देऊ नका. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, घालून प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. कडेला कॅन्सर उरला की नाही, ते तिथेच कळतं.