घरची वायनरी काढताना

आमची वायनरी नेमकी कधी सुरू झाली, यावर घरात एकमत नाही. बाबा म्हणतात, वेली लावल्या त्या वर्षी. काका परवान्याची तारीख सांगतात. हिशेब आईकडे असतो, त्यामुळे तिचं उत्तर वेगळं: पहिल्या बाटल्यांचे पैसे हातात पडले तेव्हा. बाबांच्या आणि आईच्या उत्तरात सहा वर्षांचं अंतर आहे. घरची वायनरी काढायचं मनात असेल, तर आधी या सहा वर्षांचा विचार करा.

नव्या वेलीला कामाचा माल धरायला तिसरं वर्ष उजाडतं. रेड वाइन करायची तर पुढे वर्ष-दीड वर्ष पिंपात, मग काही महिने बाटलीत. तोवर पैसा फक्त जातो. जुन्या बागेची द्राक्षं आम्ही दुसऱ्या वायनरीला घालत राहिलो, म्हणून तरलो.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकून आले होते, म्हणजे आपल्याला सगळं येतं अशा थाटात. पहिल्या हंगामात रस 24 ब्रिक्सचा, म्हणजे साधारण 24 टक्के साखरेचा, निघाला. यीस्ट घातलं, रोज रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून साखर दाखवणाऱ्या उपकरणावर, थेंब ठेवून आकडा वहीत लिहीत गेले. आकडा आठाच्या आसपास अडकला, दोन दिवस हलेना. किण्वन बंद पडलं असं समजून मी नवं यीस्ट भिजवायला घेतलं. हंगामापुरते मदतीला आलेले एक जुने कारागीर घोटभर चाखून म्हणाले, "यात साखर आहेच कुठे?" हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती नळी, सोडून पाहिला तर 0.995, पाण्याहूनही हलकी. वाइन केव्हाच ड्राय झाली होती! अल्कोहोल तयार झालं की रिफ्रॅक्टोमीटर आहे त्यापेक्षा जास्त साखर दाखवतो. तो बागेत वापरायचा, टाकीसाठी हायड्रोमीटर. हे मी वाचलेलंही होतं.

बाकी शिकायचं म्हणजे धुणं. पाइप, पंप, टाक्या, पुन्हा पाइप. आणि किण्वन चालू असताना टाकीत डोकं घालू नका, एकट्याने तर नाहीच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो आत साचून राहतो आणि वासही येत नाही.

फ्लॉरेन्सचं अँतिनोरी घराणं 1385 पासून वाइनच्या धंद्यात आहे, हे उदाहरण लोक हौसेने देतात. मला कॅलिफोर्नियातल्या मोंडावी घराण्याचं जास्त कामाचं वाटतं. 1943 मध्ये त्यांनी नापामधली चार्ल्स क्रुग वायनरी घेतली. पुढे रॉबर्ट आणि पीटर या भावांचं बिनसलं आणि 1966 मध्ये रॉबर्टने वेगळी चूल मांडली.

आमच्याकडे भांडण व्हायचं ते तोडणीच्या तारखेवरून. काकांना पावसाची धास्ती, बाबांना अजून चार दिवस हवे. शेवटी कागदावर लिहून ठेवलं की तारीख एकानेच ठरवायची, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी ब्रिक्स, पीएच सगळं मोजते. तरी आदल्या संध्याकाळी बाबा बागेत जातात, मणी फोडून बी दाताखाली धरतात. हिरवट, तुरट लागलं तर काही न बोलता घरी येतात. तपकिरी बी कट्कन फुटलं, तर येता येता क्रेट मोजायला लागतात.