अनोळखी माणसांचे फोटो कसे काढायचे? दादरच्या फूल मार्केटपासून सुरुवात करा

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचेत पण कॅमेरा वर करायला लाज वाटते, असं बऱ्याच जणांचं असतं, आणि मग लोक काय करतात तर मोठी झूम लेन्स घेतात आणि पलीकडच्या फुटपाथवरून चोरून काढतात. माझं मत विचाराल तर हे करूच नका. फोटो सपाट येतो, समोरच्याचं आपल्याशी काही नातंच नसतं, आणि कुणाच्या लक्षात आलं तर वर शिव्या. जवळ जायला शिका. सरावासाठी मी दादरचं फूल मार्केट सांगेन, पश्चिमेला स्टेशनाच्या बाहेरच, सेनापती बापट मार्गालगत. मुंबईत नसाल तर तुमच्याकडचा आठवडी बाजार धरा, पद्धत तीच आहे.

कधी जायचं

मार्केट उजाडायच्या खूप आधी सुरू होतं, पण ती घाऊकवाल्यांची वेळ. डोक्यावर हे एवढं गाठोडं घेऊन माणूस ओरडत येतो, तो थांबत नाही आणि त्याने थांबायचंही नाही, बाजूला आपण व्हायचं. नवीन असाल तर उजाडताना जा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग बघून मोह होईल, पण तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि कुणाला तुमच्याशी बोलायला वेळही नसतो. साधा मंगळवार-बुधवार बरा.

काय न्यायचं

मोबाईल असेल तर मोबाईल. आधी लेन्स शर्टाला पुसा, निम्मे धुरकट फोटो तिथेच सुधारतात. चेहरा काढताना १एक्स झूमवर अगदी जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं, त्यापेक्षा २एक्स लावून दोन पावलं मागे उभे रहा. पोर्ट्रेट मोड (मागचं धूसर करणारा) इथे फसतो, केसांच्या कडा आणि गजऱ्याचे दोरे खाऊन टाकतो. आणि ब्युटी मोड बंद म्हणजे बंद, उन्हात रापलेल्या माणसाला गोरा गुळगुळीत करून त्याच्या हातात द्यायचा म्हणजे त्याचा अपमानच.

कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिमीची एकच लेन्स, बाकीची बॅग घरी. इथे एक गंमत आहे जी कुणी सांगत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही, पण शटर (ते किती वेळ उघडं राहतं ते) १/५०० सेकंद ठेवलंत की फोटोत गडद पट्टे येऊ शकतात. म्हणून दिव्याखाली १/१०० ठेवा, बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/२ ते एफ/२.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६४००. थोडे दाणे आले तर येऊदेत.

आधी उजेड, मग माणूस

पहिली चक्कर कॅमेरा बॅगेत ठेवूनच मारा. माणसं बघू नका, उजेड कुठून येतोय ते बघा. निळी ताडपत्री असेल तर खालचा प्रत्येक चेहरा निळसर पडतो आणि तो रंग नंतर एडिटिंगमध्येही नीट जात नाही, पिवळीखाली कावीळ झाल्यासारखा. डोक्यावर थेट बल्ब असेल तर डोळ्यांत खड्डे. चांगली जागा म्हणजे ताडपत्रीची कड, जिथे आकाशाचा उजेड बाजूने आत येतो. तिथे बसलेल्यांच्या डोळ्यांत एक छोटा पांढरा ठिपका दिसतो, तो दिसला की जागा मिळाली समजा.

मागे काय आहे तेही बघून घ्या. डोक्यातून बांबू उगवलेला फोटो कितीही छान असला तरी वाया. शेवंतीचा ढीग मागे आला तर भाग्य. फ्रेममध्ये मोगऱ्याचा पांढरा ढीग असेल तर कॅमेरा घाबरून सगळंच काळोखं करतो, तेव्हा मोबाईलवर चेहऱ्यावर टॅप करा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं वर घ्या.

विचारायचं कसं

आधी फुलं घ्या किंवा निदान भाव विचारा, पण गिऱ्हाईक उभं असताना मधे तोंड घालू नका, धंद्याची वेळ आहे त्यांची. मग सरळ, "मावशी, एक फोटो काढू का तुमचा?" बस. "मी प्रोजेक्ट करतोय" वगैरे लांबण लावलीत की त्यांना वाटतं हा महापालिकेचा किंवा पेपरवाला. "कशाला?" असं विचारतीलच. खरं सांगा, "शिकतोय, इथला उजेड छान आहे, तुम्ही हार ओवताय ते आवडलं."

हो म्हटलं की माणूस ताठ होतो. पदर सारखा करणार, हसू गायब, एकदम आधार कार्डाचा चेहरा. बरेच जण इथेच निराश होऊन निघून जातात. जाऊ नका! तो ताठ फोटो आधी मनापासून काढा, कारण त्यांना तोच हवा असतो, आणि स्क्रीनवर दाखवा. शेजारची येईल, हसाहशी होईल, कुणी म्हणेल माझा पण काढ. आणि मग त्या परत सुई-दोऱ्याकडे वळतील आणि तुम्हाला विसरतील, तुम्ही तिथेच उकिडवे बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. आता काढा. हात आणि चेहरा दोन्ही येऊदेत, फोकस जवळच्या डोळ्यावर.

नाही म्हणाल्या तर "बरं मावशी" आणि पुढे. काढलेला पुसायला सांगितला तर त्यांच्यासमोरच पुसा, मोबाईलच्या कचरापेटीतूनसुद्धा. सार्वजनिक जागा आहे, मला हक्क आहे असा वाद घालून कुणाचाच चांगला फोटो आलेला मी बघितला नाही. लहान मुलांचा काढायचा तर आई-बापाला विचारून. झोपलेले, प्यालेले, भीक मागणारे, यांचे नकोच, ते नाही म्हणू शकत नाहीत.

घरी आल्यावर

एका माणसाचा एकच फोटो ठेवा, फार तर दोन. रंग थोडा पिवळा राहिला तरी चालतो, बल्बखालची सकाळ तशीच असते.

मग ४ बाय ६ची प्रिंट काढा, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत फार पैसे लागत नाहीत, आणि नेऊन द्या. ताठवाला द्या बरं का, तुमचा कलात्मक नको, निदान आधी तरी. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम करणारे छायाचित्रकार सुधारक ओलवे (२०१६ची पद्मश्री) यांचे फोटो बघा, एका चकरेत मिळणारे नाहीत ते, परत परत जावं लागतं. आणि परत जायला प्रिंटसारखं निमित्त नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर बाईमाणसाचा नंबर मागू नका, आपला द्या, हवा असेल तर त्या घरच्या कुणाकडून मेसेज करतील. इन्स्टावर टाकायचा असेल तर ते वेगळं विचारायचं, फोटोला हो म्हणजे जगाला दाखवायला हो असं नसतं. कॅप्शनमध्ये नाव आणि बसायची जागा लिहू नका.