प्रागच्या सोनेरी दारावरचं मोझेक कसं बघायचं

सेंट व्हायटस कॅथेड्रल हे प्राग किल्ल्यातलं मोठं चर्च. त्याची रांग पश्चिमेच्या दाराशी लागते. रांगेत घुसण्याआधी उजवीकडून वळसा घालून दक्षिणेच्या चौकात या. इथे तिकीट लागत नाही. तीन कमानींचं सोनेरी दार ते हेच. दार बहुतेक वेळा बंदच असतं, पण आपल्याला बघायचंय ते त्याच्या वरचं मोझेक, म्हणजे काचेचे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र.

दाराच्या पुढ्यात जाऊन उभे राहू नका. मान अवघडते आणि चित्रही नीट दिसत नाही. चौकात जमेल तितकं मागे सरका. ऊन असेल तर चार पावलं इकडेतिकडे चाला. सोनेरी तुकडे एका जागेवरून मंद वाटतात, दुसरीकडून एकदम पेटतात.

सुरुवात डावीकडे खालून करा. थडगी उघडली आहेत आणि देवदूत मेलेल्यांना बाहेर काढताहेत. मग थेट उजवीकडे जा : पापी, सैतान, नरक. हा कयामतीचा न्यायनिवाडा आहे, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त मेलेल्यांना उठवून त्यांचा न्याय करतो तो प्रसंग. डावं-उजवं ठरतं ते मधल्या ख्रिस्ताच्या हातांवरून, म्हणून तरलेले त्याच्या उजव्या हाताला, आपल्या डावीकडे. ख्रिस्ताच्या पायाशी बोहेमियाचे (प्राग ज्यात येतं त्या जुन्या राज्याचे) सहा संत गुडघे टेकून आहेत आणि त्यांच्याही खाली, कमानीलगत, राजा चौथा चार्ल्स आणि राणी एलिझाबेथ. 1370-71 मध्ये हे काम करवून घेतलं ते त्यानेच. देवळातल्या पंख्यावर देणगीदाराचं नाव असतं, तसलाच प्रकार!

आता दुर्बीण काढा. सुमारे 84 चौरस मीटरमध्ये काचेचे जवळपास 10 लाख तुकडे आहेत. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे माझा जीव या काचेत जास्त अडकतो. तिच्यात पोटॅशियम भरपूर. अशा काचेतून पावसाचं पाणी पोटॅशियम ओढून काढतं, त्यात कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड मिसळला की पृष्ठभागावर क्षारांचा करडा थर बसतो. या थराखाली चित्र पुन्हापुन्हा झाकलं जायचं. 1890 मध्ये ते उतरवलं, 1910 मध्ये परत बसवलं. पुढे 1992 पासून प्राग किल्ल्याचं कार्यालय आणि अमेरिकेतली गेटी संस्था यांनी मिळून ते साफ केलं आणि काचेवर संरक्षक लेप चढवला. म्हणून आज तुम्हाला संतांच्या वस्त्रांचे रंग वेगवेगळे दिसतात.

दुर्बीण आठ पटीची पुरते. त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतो आणि चेहरे ठरत नाहीत. नुसते रंग बघायचे असतील तर ढगाळ दिवस उत्तम.