मण्यांचं जुनं तोरण तुटलं तर घरच्या घरी कसं सांधायचं

दिवाळीच्या आधी नवीन फ्रिज आला, दोन पोरं तो दारातून आत घेत होती आणि त्याचा वरचा कोपरा आजीच्या तोरणात अडकला, सर्रकन सगळे मणी ओसरीभर. आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, आणि हे तोरण आजीने शेजारच्या गुजराती काकींकडे दुपारी बसून शिकून विणलेलं, दोन बाजूंना मोर, मधे सुस्वागतम्, खाली अकरा पानं. त्यातले ग आणि त गेले, तीन पानं सुटली. नवीन घेऊन टाक असं चार जणांनी सांगितलं पण मला ते पटेना, महिनाभर रोज रात्री बसले आणि झालं नीट. ज्यांच्या घरी असं काही कपाटात पडून आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिलं म्हणजे झाडू मारू नका. मणी फटीत जातात. मोबाईलचा टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा, काचेचे मणी लगेच चमकतात. फुटलेलेसुद्धा एका वाटीत ठेवा, रंग जुळवायला लागतात. पणजीच्या काळचं काही असेल तर एकही टाकू नका, 19व्या शतकात काठियावाडात हे मणी व्हेनिसहून आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्यांमार्फत यायचे, तसा काचेचा रंग आता दुकानात दिसत नाही.

मग लगेच, त्याच दिवशी, सुटलेल्या दोऱ्यांची टोकं अडवा, नाहीतर नुसतं उचललं तरी अजून चार ओळी उसवतात. प्रत्येक टोकात एक मोठा मणी घालून त्यातूनच दोरा परत एकदा फिरवायचा, तो तिथे अडून बसतो, आणि काम झालं की काढता येतो. इन्स्टंट ग्लूचा थेंब टाकायचा मोह होतो पण अजिबात नको, तो सुती दोऱ्याला लागला की तापतो, दोरा काडीसारखा कडक होतो, मण्याची भोकं बुजतात आणि काचेवर पांढुरकी साय येते ती निघत नाही.

आता तुमचं काम कोणत्या जातीचं ते बघा. एक कापडावर शिवलेलं, दुसरं नुसतं जाळीचं, पाठीला अस्तर असलं तरी मणी एकमेकांतच गुंफलेले. आपल्या बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांनी 1865 च्या सुमारास जो मोत्यांचा गालिचा करवला, 2009 मध्ये कतारमधल्या दोह्याला लिलावात गेला तो, तो पहिल्या जातीचा, रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर मोती टाकलेले. तसं असेल तर आधी मागून मांजरपाटाचं ठिगळ लावून जीर्ण कापडाला आधार द्या, मग दोऱ्यात मणी ओवून ओळ जागेवर ठेवा आणि दर दोन-तीन मण्यांनंतर बारीक टाका घाला. आमचं जाळीचं होतं म्हणून पुढचं सगळं जाळीचं.

मणी घ्यायला मंगळ बाजारात जाताना जुना मणी बरोबर न्या, फोटो नाही. दहा जुने आणि दहा नवे सुईवर ओवून शेजारी धरा, लांबी सारखी हवी. नंबर मोठा तसा मणी बारीक, 11 नंबर म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, 8 म्हणजे 3. पानांच्या टोकाच्या लांबट नळ्यांना दुकानात पाइप म्हणतात. आजीचा पांढरा दुधी आणि नवा पांढरा निळसर, दुकानदार म्हणाला "बेन, आ कलर हवे नथी आवतो", म्हणजे हा रंग आता येत नाही. मग मी असं केलं की सुटलेल्या पानांपैकी एक पूर्ण उसवून त्यातले जुने मणी अक्षरांना वापरले आणि ते एक पान नव्या मण्यांचं केलं, कडेला असल्याने नजर आधी तिथे जात नाही.

दोरा पॉलिस्टरचा घ्या. नायलॉनचा तंगूस टिकाऊ वाटतो पण उन्हात ठिसूळ होतो, आणि दार पश्चिमेला असेल तर रोज ऊन लागणारच. साधारण हातभर दोरा घेऊन मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा, मेणबत्तीचं मेण नको, त्याचे पापुद्रे सुटतात. सुई 12 नंबरची, मण्यातून दोरा दोनदा जायचाय.

विणायला बसण्याआधी शाबूत भागातली दोन-चार घरं सुईच्या टोकाने मोजा. आमच्या तोरणात दर खेपेला तीन मणी घ्यायचे आणि वरच्या ओळीतल्या तिघांपैकी मधल्या मण्यातून सुई काढायची, की एक घर पूर्ण. पुन्हा तीन, पुन्हा मधला. सुरुवात फाटक्या कडेला करू नका, आत दहा-बारा मणी मागे चांगल्या भागात सुई घाला, दोरा वाकडातिकडा फिरवत कडेपर्यंत आणा, मधे दोन अर्ध्या गाठी. संपवतानाही तसंच. दोरा फार ओढला तर जाळी वाटीसारखी फुगते, माझा ग पहिल्यांदा असाच फुगला आणि सगळा उसवावा लागला. अक्षरासाठी आधी कागदावर घरं काढून रंग भरा, ओळी एकीआड एक सरकलेल्या असतात त्यामुळे चौकटीच्या वहीत नुसतं चौकोन मोजून चालत नाही.

एखादा मणी जास्तीचा गेला आणि पाच ओळींनंतर लक्षात आलं तर उसवू नका. त्या मण्याच्या भोकात जाड सुई घाला म्हणजे दोरा कापणार नाही, वर कापड धरा, चष्मा लावा आणि पकडीने हलकेच दाबा, मणी फुटून पडतो.

धुवायचं असेल तर आधी ओला कापूस एका कोपऱ्यावर फिरवा, रंग किंवा आतली चंदेरी झिलई उतरली तर पाणी नकोच, कोरड्या मऊ ब्रशने झटका. झिलई नसलेले मणी ओल्या फडक्याने पुसून पंचावर आडवं वाळवा, टांगून नाही, भिजलेल्या सुती दोऱ्यावर सगळं वजन येतं.

लावताना मण्यांच्या घरात खिळा घालू नका. वरच्या काठाला मागून कापडी पट्टी शिवा आणि पट्टीला कड्या, दर वीतभर अंतरावर एक, म्हणजे वजन वाटलं जातं. आणि फ्रिज किंवा सोफा यायचा असेल त्या दिवशी आधी काढून ठेवा. ठेवताना घडी नको, पुठ्ठ्याच्या नळीवर सुती साडीचा तुकडा गुंडाळून त्यावर मणी बाहेर येतील असं गुंडाळा. उरलेले मणी, सुई आणि अक्षरांचा तो कागद एका पिशवीत घालून मी नळीच्या आतच ठेवलाय, माझ्या मुलीला दाखवूनसुद्धा ठेवलाय कुठे आहे ते.