अनोळखी मरीनात बोट लावताना या चुका टाळा

बोट आपटते ती धक्क्याजवळच्या शेवटच्या काही मीटरांत, पण चूक त्याआधीच झालेली असते. दोर गुंडाळलेलेच असतात, फेंडर (बोट घासू नये म्हणून कुशीला टांगायच्या गाद्या) भलत्या बाजूला लटकतात आणि आपली जागा नेमकी कोणती, हे बोटीवर कुणालाच ठाऊक नसतं. ही सगळी तयारी मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या बंदरात शिरण्यापूर्वी, मोकळ्या पाण्यात उरकायला हवी.

अर्धवट माहिती देऊन जागा मागणं

नुसती कागदावरची लांबी सांगू नका. नाळेपुढे (बोटीच्या पुढच्या टोकापुढे) आलेला नांगर, मागे टांगलेली डिंगी (छोटी होडी) धरून एकूण लांबी सांगा. सोबत रुंदी, ड्राफ्ट (बोट पाण्याखाली किती खोल जाते) आणि विजेची गरजही. मग मरीनाच्या ऑफिसला विचारा: धक्का तरंगता की पक्का, बोट कोणत्या कुशीला (बाजूला) लागणार, क्लीट (दोर गुंडाळायच्या दोन शिंगांच्या खुंट्या) आहेत की कड्या, ऑफिस किती वाजता बंद होतं आणि त्यानंतर फाटकाचा कोड कुठे मिळेल.

खोलीचा हिशेब आत शिरण्याच्या वेळेवर करू नका, मुक्कामातल्या सर्वांत खालच्या ओहोटीवर करा. नकाशावर १.८ मीटर खोली आणि ओहोटीच्या वेळीही त्यावर चढलेलं पाणी ०.६ मीटर असेल, तर पाणी २.४ मीटर. ड्राफ्ट २ मीटरचा असल्यास तळाखाली फक्त ४० सेंटिमीटर उरतात, आणि लाटा असल्या तर तेवढं पुरत नाही.

नाळेचा दोर आधी देणं

या एका सवयीने मोठं नुकसान होतं. धक्क्यावरचा माणूस मदत म्हणून दोर जोरात ओढतो, नाळ आत वळते, पिछाडी बाहेर फेकली जाते आणि सुकाणाचा उपयोग संपतो.

पहिला दोर बोटीच्या मध्यावरच्या क्लीटचा असावा. तो मागच्या दिशेने, पिछाडीच्या जवळपास येणाऱ्या धक्क्यावरच्या क्लीटला अडकवा. मग इंजिन पुढच्या गिअरमध्ये अगदी मंद ठेवून सुकाण धक्क्याच्या विरुद्ध दिशेला वळवा. दोर ताणला की बोट धक्क्याला चिकटून उभी राहते. बाकीचे दोर निवांत बांधता येतात. धक्क्यावरच्या माणसाला आधीच सांगा, “ओढू नका, फक्त फास क्लीटवर टाका.”

वारा आणि प्रवाह यांतला जो जोरदार, त्याच्या तोंडावर या. इंजिन एकच असेल तर पंख्याचा (प्रोपेलरचा) ओढा लक्षात ठेवा: पुढे जाताना मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा रिव्हर्समध्ये पिछाडी डावीकडे खेचतो. म्हणून अशी बोट डाव्या कुशीने लावणं सोपं जातं. वेग एवढाच ठेवा, की इंजिन बंद पडलं तरी फेंडर धडक सोसतील. बोट अडवायला हात-पाय मध्ये घालू नका आणि उडी मारू नका. दोन-चार टनांची बोट हाड सहज मोडते. उतरता येत नसेल तर बोट अजून लांब आहे. बाहेर जाऊन पुन्हा या.

पक्क्या धक्क्याला दोर आखूड बांधणं

तरंगता धक्का बोटीसोबत वरखाली होतो, पक्का होत नाही. भरतीला ताणून बांधलेली बोट ओहोटीत दोरांवर लोंबकळते आणि क्लीट उपटले जातात. भरती-ओहोटीचा फरक ३ मीटर असेल तर दोर निदान ९ मीटर लांब घ्या आणि तो शक्य तितका तिरका न्या. दोर नायलॉनचा हवा, कारण तो ताण खातो. १० मीटरच्या बोटीला साधारण १२ मिलिमीटर जाडीचा पुरतो. क्लीटवर आधी एक पूर्ण वेढा, मग इंग्रजी आठचा (8) आकडा, शेवटी दोर स्वतःखालीच दाबणारी एकच अडकण. जास्त अडकणी घातल्या तर ताणाखाली सुटत नाहीत.

वीज घाईत जोडणं

धक्क्यावरच्या विजेच्या खांबाचा आणि बोटीवरचा, दोन्ही ब्रेकर बंद ठेवा. केबल आधी बोटीला, मग खांबाला जोडा. लॉकिंग रिंग असेल तर ती पूर्ण फिरवा, कारण सैल जोडणी तापते आणि पिना जळतात. आता खांबावरचा ब्रेकर चालू करा, पोलॅरिटीचा दिवा (तारा उलटसुलट जोडल्या आहेत का ते दाखवणारा) तपासा आणि मगच बोटीवरचा. काढताना सगळं उलट क्रमाने. केबल पाण्यात लोंबू देऊ नका.

२३० व्होल्ट, १६ अँपिअरच्या जोडणीवर सुमारे ३,६८० वॉट मिळतात. २,००० वॉटची किटली आणि तेवढाच हीटर एकदम लावला की ब्रेकर पडू शकतो.

मरीनाच्या पाण्यात पोहू नका, मुलांना तर अजिबात उतरू देऊ नका. एखाद्या बोटीतून पाण्यात गळणारा करंट माणसाचे स्नायू आखडून टाकतो आणि तो बुडतो. खाडीत नदीचं गोडं पाणी मिसळतं तिथे हा धोका वाढतो.

पाणी आणि इंधन

पिण्याच्या पाण्याला स्वतःची, अन्नासाठी योग्य अशी नळी वापरा आणि सुरुवातीचं साचलेलं पाणी वाहून जाऊ द्या. मैल्याच्या टाकीच्या पंपाजवळची नळी त्या जागेच्या धुण्यासाठी असते. तिने पिण्याच्या पाण्याची टाकी भरू नका. डेकवरची झाकणं उघडण्यापूर्वी त्यांवरची अक्षरं वाचा, कारण डिझेलच्या टाकीत पाणी गेलं तर ती पूर्ण रिकामी करावी लागते. बोटीची पाइपलाइन थेट नळाला जोडली असेल तर प्रेशर रेग्युलेटर लावा आणि बोट सोडताना नळ बंद करा. आतला पाइप निसटला तर नळ बोट भरत राहतो. पेट्रोलची बोट असेल तर इंधन भरताना सगळ्या खिडक्या-झडपा बंद ठेवा आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली वाफ बाहेर काढणारा पंखा) निदान ४ मिनिटं चालवा.