सूक्तांवरून काळ काढताना या चुका टाळा

वेदांतल्या खगोलीय उल्लेखांवरून तारीख काढायला बसलात की गणित बहुधा बरोबर येते. चूक होते ती त्याच्या आधी: ओळ कुठली, कोणत्या थरातली आणि ती नेमके काय म्हणते, हे न पाहता आकडे घातले जातात.

ठळक उदाहरण म्हणजे ऋग्वेदात प्रकाशाचा वेग दिला आहे हा दावा. ‘तरणिर्विश्वदर्शतो’ (ऋग्वेद 1.50.4) या ऋचेत एकही आकडा नाही. अर्ध्या निमिषात 2202 योजने हा श्लोक 14व्या शतकातल्या सायणभाष्यात (सायणाचार्यांच्या टीकेत) येतो, आणि तोही सूर्याच्या चालीबद्दल. शिवाय निमिष 0.213 सेकंद धरून योजन 14.5 कि.मी. घेतले तर उत्तर सेकंदाला सुमारे 2,99,000 कि.मी. येते, तेच योजन 8 कि.मी. धरले की 1,65,000. जे माप धरल्यावर हवे ते उत्तर मिळते, ते माप पुरावा ठरत नाही.

‘द्वादशारं चक्रम्’ (1.164.11) म्हणजे बारा राशी, हीही तशीच घाई. त्याच ऋचेत 720 पुत्र आहेत, म्हणजे 360 दिवस आणि 360 रात्री. हे वर्षाचे चाक आहे, आरे म्हणजे महिने. वेदांग ज्योतिष या प्राचीन कालगणनेच्या ग्रंथातही नक्षत्रे 27 आहेत, राशी नाहीत.

आता कृत्तिका, म्हणजे त्या नावाचा तारकापुंज. ‘एता ह वै प्राच्यै दिशो न च्यवन्ते’, कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, हे वाक्य ऋग्वेदाचे म्हणून सर्रास फिरते. ते शतपथ ब्राह्मण या नंतरच्या, यज्ञविधींच्या ग्रंथातले (2.1.2.3) आहे. त्याचे खगोलीय महत्त्व ज्योतिषशास्त्राचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी दाखवले आणि काळ इ.स.पू. 3000 च्या सुमाराचा काढला. पुष्कळजण हेच गणित करायला जातात आणि त्यांचे उत्तर इ.स.पू. 2300 येते. सातशे वर्षे कुठे गेली?

कृत्तिकांच्या योगताऱ्याचा (मुख्य ताऱ्याचा) सायन भोग, म्हणजे वसंतसंपातापासून क्रांतिवृत्तावर (सूर्याच्या वार्षिक मार्गावर) मोजलेले अंतर, आज सुमारे 60 अंश आहे. वसंतसंपात म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातो तो बिंदू, आणि तो हळूहळू मागे सरकतो ते अयनचलन. त्याचा वेग साधारण 72 वर्षांत 1 अंश. 60 ला 72 ने गुणून मागे गेले की वसंतसंपात कृत्तिकांच्या भोगाशी येतो, इ.स.पू. 2300 च्या आसपास. पण वाक्य संपाताबद्दल बोलतच नाही, ते पूर्वेबद्दल बोलते. तारा नेमका पूर्वेला उगवतो तो त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) शून्य असताना. कृत्तिका क्रांतिवृत्ताच्या उत्तरेला 4 अंश आहेत. या अंतराला शर म्हणतात. एवढ्या शरामुळे क्रांती शून्य होते ती भोग संपाताच्या 9 अंश अलीकडे असताना. हे 9 अंश म्हणजेच ती सातशे वर्षे. शर न धरता केलेले प्रत्येक गणित इथे घसरते.

दुसरी घसरण क्षितिजावर. कृत्तिका मंद आहेत, क्षितिजाला टेकलेल्या असताना धुरकट हवेत दिसत नाहीत. कुरुक्षेत्राच्या अक्षांशावर (30 अंश) शून्य क्रांतीचा तारा 5 अंश वर येईतो पूर्वेपासून सुमारे 3 अंश दक्षिणेला सरकलेला असतो. निरीक्षकाने त्या उंचीवर दिशा पाहिली असे मानले, तर काळ साडेचारशे वर्षांनी अलीकडे येतो. म्हणून ‘इ.स.पू. 3000’ असा सुटा आकडा लिहू नका. कोणती उंची धरली ते लिहा आणि दोन्ही बाजूंना निदान 500 वर्षांची मोकळीक द्या. निघालेला काळही निरीक्षणाचा असतो. ग्रंथरचना त्यानंतर कितीतरी उशिरा झालेली असू शकते.

स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या संगणक प्रणालीवर पडताळताना तीन गोष्टी बघा. त्यात शून्य वर्ष असते, म्हणून इ.स.पू. 3000 साठी −2999 घाला. स्थळ मुंबई-पुणे राहिले नाही ना, ते तपासा. जमिनीचे चित्र बंद करून दिगंश (उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेला कोन) 90 आहे का ते वाचा. हाताने गणित करणाऱ्यांनी ताऱ्याची निजगती, म्हणजे त्याचे स्वतःचे सरकणे, तीही धरावी. कृत्तिकांना ती नगण्य आहे, पण स्वाती 5000 वर्षांत 3 अंशांहून जास्त सरकतो.

अत्रि-स्वर्भानूचे सूक्त (5.40) ग्रहणाचे आहे, हे पटण्यासारखे आहे. तारीख मात्र त्यातून निघत नाही, कारण ऋचांत तिथी, महिना, नक्षत्र काहीच नाही. ‘तुरीयेण ब्रह्मणा’ म्हणजे चौथ्या मंत्राने. तिथे तुरीय यंत्र (वेध घेण्याचे उपकरण) बसवू नका. एखाद्या संगणक प्रणालीने वेदकाळातले खग्रास ग्रहण पंजाबवर दाखवले, तरी आधी पृथ्वीच्या फिरण्याचा प्रश्न येतो. तिची गती मंदावत आल्यामुळे इ.स.पू. 3000 पर्यंतचा साचलेला वेळेचा फरक सुमारे 20 तासांचा धरला जातो, आणि तो अंदाज आहे. तो तपासता येईल अशा भरवशाच्या ग्रहणनोंदी इ.स.पू. 720 च्या पलीकडे जात नाहीत. यात एक तासाची चूक म्हणजे सावलीचा पट्टा 15 रेखांश सरकणार. अमृतसर आणि आसामचे पश्चिम टोक यांच्या रेखांशांत फरक एवढाच आहे.